जर्मन टीमसोबत काम करताना नक्की कुठे अडतं आणि काय करायचं (पुण्यातल्या इंजिनिअर मंडळींसाठी)

हिंजवडी, बाणेर, खराडी, चाकण कुठेही जा, जर्मन क्लायंट नाहीतर जर्मन पॅरेंट कंपनी असलेली एक तरी टीम सापडतेच. चाकणला २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज दोघांचे प्लांट सुरू झाले, त्यांना पार्ट्स देणारे आले, मग सॉफ्टवेअरवाले आले, आणि आता तर मेकॅनिकल असो की कॉम्प्युटर, पुण्यातल्या पोराला कधी ना कधी जर्मन माणसाबरोबर कॉलवर बसावं लागतंच. अशा प्रोजेक्टवर नवीन माणूस आला की एचआर त्याला एक ट्रेनिंग देतं, त्यात हात कसा मिळवायचा, बिअर, ऑक्टोबरफेस्ट, ते लोक किती वक्तशीर वगैरे सगळं असतं आणि सोमवारी कॉल सुरू झाला की त्यातलं काहीही कामाला येत नाही.

कारण हात कसा मिळवला यावरून कुणाचं बिनसत नाही. बिनसतं ते तारखेवरून. काम लेट होणार हे आपल्याला एका दिवशी कळतं आणि तिकडच्या माणसाला आपण ते सांगतो दुसऱ्याच दिवशी, आणि मधले जे पाच-सहा दिवस असतात ना, बहुतेक सगळी कटकट तिथे तयार होते. इंग्रजी, अ‍ॅक्सेंट हे सगळं त्याच्यानंतर.

एक आधीच सांगतो, सगळे जर्मन एकसारखे नसतात. बर्लिनच्या स्टार्टअपमधली पंचविशीतली मुलगी आणि स्टुटगार्टजवळ एकाच डिपार्टमेंटला वीस वर्षं काढलेला टेस्ट इंजिनिअर यांच्यात आपल्या आणि त्यांच्यात असतो तेवढाच फरक निघू शकतो. मी लिहितोय ते मुख्यतः ऑटोमोटिव्ह आणि इंजिनिअरिंगवाल्या टीम डोळ्यासमोर ठेवून.

१. पहिल्या कॉलच्या आधी कॅलेंडर नीट लावा

उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ बदलतं मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मीटिंग त्यांच्या बाजूने लावलेली असेल तर त्या सोमवारी आपल्याकडे ती आपोआप तासभर सरकते, आणि दर वर्षी कुणीतरी एकजण चुकीच्या वेळेला एकटाच कॉलवर बसून राहतो. आधीच्या शुक्रवारी ग्रुपवर एक मेसेज टाकला की विषय संपला.

त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. अवघड प्रश्न, डिझाइनची चर्चा, वाईट बातमी, सगळं या पहिल्या तासा-दीड तासात उरका. आपण उलटं करतो, दिवसभर आपलं आपण झगडतो आणि रात्री साडेआठला "एक छोटासा इश्यू आहे" म्हणून पिंग करतो, तेव्हा तो माणूस बॅग भरत असतो. शुक्रवारी तर दुपारनंतर अनेक जण गेलेलेच असतात. याला आळस समजू नका. तिकडे कामाच्या तासांचा कायदा आहे, दिवसाचे ८ तास, फार तर १०, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती. म्हणजे रात्री दहाला तो मेल उघडत नाही यात तुमचा अपमान वगैरे काही नाही.

याचीच दुसरी बाजू आपल्या लोकांना पचायला जड जाते. "टीम रात्री दोनपर्यंत बसली होती" हे आपण मेहनत दाखवायला सांगतो. समोरच्याच्या मनात येतं की यांचं प्लॅनिंग चुकलं होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा रात्री बसावं लागलंच तर बसा, पण ते मिरवू नका.

मग आठवड्याचे नंबर. ते लोक तारीख कमी आणि कॅलेंडर वीक जास्त बोलतात, "केडब्ल्यू ३२ मध्ये देतो" (केडब्ल्यू हे कॅलेंडर वीकच्या जर्मन शब्दाचं लघुरूप). ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला आठवडा, आणि आठवडा सोमवारी सुरू. आउटलुकमध्ये वीक नंबर दाखवायचं सेटिंग आहे, ते आजच ऑन करा. एक्सेलमध्ये मात्र साधं वीकनम वापरू नका, ते रविवारपासून आणि १ जानेवारीपासून मोजतं, आयएसओवीकनम वापरा, नाहीतर एखाद्या वर्षी तुमचा अख्खा प्लॅन एका आठवड्याने पुढेमागे होईल आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर असतील.

सुट्ट्या राज्याप्रमाणे बदलतात. ६ जानेवारीला बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये म्हणजे म्युनिक-स्टुटगार्टकडे सुट्टी, बर्लिनला वेगळंच. गुरुवारी सण आला की शुक्रवार जोडून घेतात, हे आपल्याला कळायला काहीच अवघड नाही. ऑगस्टमध्ये सलग दोन-तीन आठवडे गायब, २४ डिसेंबर ते ६ जानेवारी जवळपास शुकशुकाट. कायद्याने किमान चार आठवडे भरपगारी रजा असते आणि बऱ्याच कंपन्या ३० दिवस देतात, आणि रजेवर गेलेला माणूस खरोखर रजेवर असतो. म्हणून जुलैमध्येच विचारून ठेवा की तुमच्या जागी कोण बघणार. नाव विचारणं तिकडे अगदी नॉर्मल आहे.

आणि आपल्या सुट्ट्याही त्यांना सांगा ना! गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात हे त्यांना कुठून कळणार. अर्धी टीम कोकणात जाणार असेल तर ते जानेवारीतच शेअर्ड कॅलेंडरवर टाका. जानेवारीत सांगितलेली आठ दिवसांची रजा तिकडे कुणाला खटकत नाही, आदल्या आठवड्यात सांगितलेली दोन दिवसांची रजा खटकते.

आकड्यांचं तर चटकन लक्षात ठेवा. जर्मन पद्धतीत १.२५० म्हणजे बाराशे पन्नास आणि १,२५० म्हणजे सव्वा. टॉलरन्स, करंट, किंमत काहीही असो, शंका आली तर विचारा. लाख-कोटी लिहू नका. बिलियनपण जपून, त्यांच्या भाषेत तोच शब्द हजारपट मोठ्या आकड्यासाठी आहे, सरळ शून्यं लिहा.

२. ओळख

"सर" नको. इंग्रजीतून काम चालतं तिथे बहुतेक टीम पहिल्या नावावर येतात, पण पहिल्या मेलला आडनाव घेऊन लिहा आणि त्यांनी खाली पहिलं नाव टाकलं की पुढच्या मेलपासून तेच वापरा. आपल्या बाजूने स्वतःचं नाव कसं घ्यायचं हे सांगून टाका. मेल सिस्टिममध्ये आडनाव आधी दिसतं, मध्ये वडिलांचं नाव, त्यामुळे कित्येक जर्मन लोक वर्षभर एखाद्याला वडिलांच्या नावाने हाक मारत असतात आणि आपला माणूस संकोचाने काही बोलत नाही.

ओळख करून देताना डिग्री, कॉलेज, एकूण अनुभव हे आटोपतं घ्या. त्यांना हवं असतं ते हे की तू काय बघतोस, कुठला निर्णय तुझ्या हातात आहे, आणि जो तुझ्या हातात नाही त्यासाठी कुणाला विचारायचं. हे तीन वाक्यांत सांगता आलं तर पुढचे दोन महिने सोपे जातात. गप्पा फारशा होणार नाहीत. हवामान, वीकेंड, झालं, अजेंडा. त्यांना तुम्ही आवडला नाहीत असा अर्थ काढू नका.

३. स्टेटस देणं (सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा)

"ऐंशी टक्के झालंय", "ऑलमोस्ट डन", "करतोय, होऊन जाईल". ही तिन्ही वाक्यं आपल्या आपल्यात छान चालतात कारण ऐकणारा बोलणाऱ्याचा चेहरा आणि आवाज ऐकून खरं काय ते ओळखतो. पुण्यातल्या मॅनेजरला "होऊन जाईल" मधला दम किती आहे ते बरोबर कळतं. जर्मन माणूस मात्र त्यातून फक्त "होणार" एवढंच घेतो, कागदावर लिहितो, आणि त्याच्यावर टेस्ट बेंच (पार्ट तपासायचा सेटअप) बुक करतो. टेस्ट बेंच हा शब्द मुद्दाम वापरला, कारण तिकडे तुमच्या तारखेवर बाकीच्या पाच जणांच्या तारखा उभ्या असतात हे इकडे बसून दिसत नाही.

मग स्टेटस कसं द्यायचं तर चार गोष्टी: काय पूर्ण झालं (पूर्ण म्हणजे रिव्ह्यू होऊन चेक-इन झालेलं), काय राहिलं, कशामुळे अडलंय, आणि जी तारीख दिली होती ती तशीच आहे की बदलली. टक्के देऊच नका. "बारापैकी नऊ टेस्ट केस पास, दोन फेल, एक चालवता आली नाही कारण हार्डवेअरचं नवं सॅम्पल आलेलं नाही, शुक्रवारची तारीख सॅम्पल उद्या आलं तरच पाळता येईल" असं सांगितलं की समोरून ओरडा येत नाही, बहुतेक वेळा सॅम्पल येतं.

उशीर होणार अशी शंका ज्या दिवशी आली त्याच दिवशी सांगायचं. खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. आपली सवय उलटी, आपण म्हणतो आधी प्रयत्न करू, वीकेंडला बसू, कदाचित सांगायची वेळच येणार नाही. हेतू चांगलाच असतो, समोरच्याला त्रास नको असा. पण तीन आठवडे आधी कळलेला एक आठवड्याचा उशीर ते शांतपणे प्लॅनमध्ये बसवतात आणि आदल्या दिवशी कळलेल्या एका दिवसाच्या उशिराचं एस्कलेशन होतं, म्हणजे विषय थेट वरच्या साहेबांकडे जातो, हे प्रत्येक प्रोजेक्टवर बघायला मिळतं.

शब्द सुचत नसतील तर असं काहीतरी: "केडब्ल्यू ३२ ची डिलिव्हरी ॲट रिस्क आहे, कारण अमुक, आम्ही तमुक करतोय, बुधवारी दुपारी बारापर्यंत नक्की सांगतो की ३२ की ३३." इंग्रजीत हेच, एवढंच. सॉरी एकदा पुरे. आणि बुधवारी बाराला खरंच मेल टाका, उत्तर तयार नसलं तरी टाका. विश्वास बसतो तो अशा छोट्या छोट्या तारखा पाळल्याने.

कॉलवर कुणी "कधीपर्यंत देणार" विचारलं की घाईघाईत तारीख द्यायची नाही हाही याचाच भाग. "टीमशी बोलून उद्या सांगतो" हे उत्तर त्यांना पूर्ण चालतं. आपल्याकडे तसं म्हटलं की टाळतोय असं वाटतं, तिकडे वाटतं की हा माणूस विचार करून बोलतोय.

सुरुवातीला ते जे शंभर प्रश्न विचारतात त्यावरून अनेक जण दुखावतात, की यांचा आपल्यावर भरवसाच नाही. त्यांची पद्धत अशी की वादावादी सगळी आधी, एकदा ठरलं की मग हलवायचं नाही. आपली पद्धत, सुरू तर करू, पुढचं पुढे. दोन्हींचे फायदे आहेत, आणि खरं सांगायचं तर रिक्वायरमेंट दर आठवड्याला बदलते तिथे आपली पद्धत त्यांच्यापेक्षा बरी चालते. पण सुरुवातीच्या त्या प्रश्नांच्या फेरीत आपण मान डोलावून मोकळे झालो की नंतर "हे आधी का नाही बोललात" हे ऐकावं लागतं, आणि त्याला उत्तर नसतं.

४. नाही म्हणणं आणि गप्प बसणं

कॉलवर आपण गप्प राहिलो तर त्यांच्या लेखी आपण मान्य केलं. आपल्याकडे गप्प राहणं म्हणजे बऱ्याचदा "पटलेलं नाही, पण आत्ता नको". पटत नसेल तर तिथेच बोला, आणि नुसतं "डिफिकल्ट आहे" म्हणू नका कारण डिफिकल्ट म्हणजे अवघड पण होईल असं ऐकलं जातं. "या तारखेला शक्य नाही, कारण असं, त्याऐवजी हे दोन पर्याय." उलट त्यांनी "हे शक्य नाही" म्हटलं तर तो दरवाजा बंद झाला असं समजू नका, विचारा की काय झालं तर शक्य होईल. बरेचदा लगेच उत्तर मिळतं.

लीड लोकांसाठी वेगळं सांगायचंय. जर्मन इंजिनिअर प्रश्न ज्याने काम केलंय त्यालाच विचारतो, मग तो फ्रेशर का असेना. आपला फ्रेशर लीडकडे बघतो, लीड त्याला वाचवायला स्वतः उत्तर देतो, आणि पलीकडे समज होतो की या मुलाला काही येत नाही किंवा याला बोलायची परवानगी नाही. कॉलच्या आधी पोराला सांगा, "हा मुद्दा तू घे, अडलास तर माझं नाव घे, मी बोलेन," आणि मग स्वतः म्यूटवर बसा. पहिल्या दोन कॉलला तो चाचरेल, चाचरू दे.

आणि तिकडच्यांचीही एक सवय बरोबर नाही, शेवटी "इज एव्हरीथिंग क्लिअर?" विचारणं. या प्रश्नाला इकडून "येस" सोडून दुसरं काही येणारच नाही. ओळख झाली की त्यांना बिनधास्त सांगा की असं विचारण्यापेक्षा आम्हाला आमच्या शब्दांत परत सांगायला लावा. टीममध्येही "समजलं का रे?" ऐवजी "पहिलं काय करणार ते सांग" विचारा.

५. टीका आली की

रिव्ह्यूमध्ये कमेंट येते: "हे चूक आहे. का केलं?" प्लीज नाही, स्मायली नाही. आपल्याकडे असं कुणी लिहिलं तर माणूस घरी जाऊन जेवत नाही. तिकडे ते त्या ओळीबद्दल असतं, तुमच्याबद्दल नसतं, तोच माणूस बाराच्या जेवणाला तुमच्याशी हसून गप्पा मारणार असतो. उत्तर पण तसंच द्या, कारण सांगा, चूक असेल तर दुरुस्ती आणि कधी होणार ते लिहा. तुमचं बरोबर असेल तर ठामपणे लिहा, पुरावा लावा, चिडायचं नाही. वाद घातल्यामुळे तुमची किंमत कमी होत नाही, बरेचदा वाढते.

ऑटोमोटिव्हमध्ये मोठी चूक झाली की ८डी रिपोर्ट द्यावा लागतो, म्हणजे चूक का झाली आणि पुन्हा कशी होणार नाही ते आठ पायऱ्यांत लिहायचं. त्यात चौथ्या पायरीला मूळ कारण लिहायचं असतं आणि आपल्याकडून हमखास जातं "ह्यूमन एरर, ट्रेनिंग दिलं". ते परत येणार, लिहून घ्या. माणूस चुकला हे त्यांच्या दृष्टीने कारणच नाही, तो चुकू शकला कारण कुठला चेक नव्हता ते शोधा. एकदा ही नजर बसली की कळतं की त्यांना कुणाला पकडायचं नव्हतं, भोक कुठे आहे ते हवं होतं.

कौतुकाची वाट मात्र बघू नका. स्टुटगार्टच्या भागात, म्हणजे स्वाबियात, एक म्हण आहे की ओरडा पडला नाही म्हणजे भरपूर कौतुक झालं. मोठी रिलीज गेली आणि "ओके, थँक्स" आलं तर ते चांगलंय, टीमला तसं समजावून सांगा आणि केक आपला आपण आणा.

हा रोखठोकपणा शिकून आल्यावर तोच पुण्यातल्या सहकाऱ्यांवर वापरणारे काही महाभाग असतात. नका करू.

६. लिहून ठेवणं, सीसी, एस्कलेशन

मीटिंग संपली की त्याच दिवशी मिनिट्स: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पाच ओळी चालतील. हे काम आपणहून घ्या, कारण जो लिहितो त्याची समजूत रेकॉर्डवर जाते, आणि चुकीची असेल तर समोरचा तासाभरात दुरुस्त करतो. फोनवर कुणी सहज "हेही करून टाका ना" म्हटलं तर करा, पण आधी मेलवर "आज बोलल्याप्रमाणे" लिहून मगच.

सीसी फार जपून. उत्तर येत नाही म्हणून आपण त्याच्या मॅनेजरला सीसीत घेतो, आपल्याला ते साधं रिमाइंडर वाटतं, तिकडे ती तक्रार असते. आधी त्या माणसाला फोन करा. तरी हललं नाही तर त्यालाच सांगा की गुरुवारपर्यंत झालं नाही तर मला वर न्यावं लागेल, आणि मग न्या. असं सांगून केलेलं एस्कलेशन कुणी मनात ठेवत नाही.

माणूस बदलणार असेल तर लवकर कळवा. पलीकडचा माणूस पंधरा वर्षं त्याच खुर्चीत आहे आणि पुण्याकडून आलेल्या चौथ्या इंजिनिअरला तो तीच सिस्टिम पहिल्यापासून समजावतोय, त्याच्या आवाजातला वैताग बऱ्याचदा याचा असतो. हँडओव्हरच्या दोन-तीन कॉलना जुना आणि नवा दोघं एकत्र बसले की खूप फरक पडतो.

७. इंग्रजी

दोघांचीही ती दुसरी-तिसरी भाषा, त्यामुळे हळू आणि छोटी वाक्यं. "डू द नीडफुल", "प्रीपोन", "आउट ऑफ स्टेशन" सोडा. "आय हॅव अ डाउट" म्हटलं की त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाही, तिथे क्वेश्चन म्हणा. त्यांच्याकडून "अंटिल फ्रायडे" आलं की बहुतेक वेळा "बाय फ्रायडे" म्हणायचं असतं, "इव्हेंच्युअली" म्हणजे कदाचित. विचारून घ्या, लाज वाटायचं कारण नाही. मान हलवणं कॅमेऱ्यावर कळत नाही, तोंडाने बोला.

मध्येच ते आपापसात जर्मनमध्ये शिरले तर बहुतेक वेळा शब्द शोधत असतात, थांबा आणि नंतर थोडक्यात सांगा म्हणा. आपण मराठीत शिरणार असू तर सांगून शिरा, "दोन मिनिटं आमच्यात बोलतो" म्हणून. आणि टीममध्ये हैदराबादची, कोचीची मंडळी असतील तर ती दोन मिनिटं मराठीत घालवून तुम्ही जर्मनांआधी त्यांनाच बाहेर ठेवताय, हेही बघा.

जर्मन शिकावं का? मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, वेळ असेल तर जरूर. ए१-ए२ वर, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्यांवर, ऑफिसचं काम होणार नाही, पण ड्रॉइंगवरचे शेरे, मेलचा विषय आणि कॅन्टीनचा मेन्यू समजतो.

८. ते पुण्यात आले की

अजेंडा आठवडाभर आधी पाठवा आणि पाळा. पहाटे उतरलेल्या माणसाला सकाळी नऊला प्रेझेंटेशनला बसवू नका. हॉटेलपासून हिंजवडीला लागणारा खरा वेळ सांगा, नकाशावरचा नको. चर्चा ज्या इंजिनिअरने काम केलंय त्याच्याबरोबर ठेवा, डायरेक्टरचं भाषण पंधरा मिनिटांत आवरा.

जेवणाला मात्र आपला आग्रह आवरा. आपल्यात पहिलं "नको" हे रीत म्हणून असतं, दुसऱ्यांदा वाढलं की माणूस घेतो. त्यांनी नको म्हटलं म्हणजे नको, आणि तरी पानात वाढलं तर ते संपवतात, कारण टाकणं बरं दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्कशॉपला येत नाहीत. तिखट किती आहे ते आधी सांगा, साधं दही-भात बाजूला ठेवा, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मिसळ मागितली तर खुशाल न्या.